फोडणीत काय फुटते?

नारळ फोडतात, लाकूड फोडतात, खडी फोडतात. एखादा मित्र गुपित फोडतो. अन्यायाला वाचा फोडतात. भीतीने घाम फुटतो आणि चैत्रात झाडांना पालवी फुटते. परीक्षेचा पेपर फुटल्याची बातमीही आपण कधीकधी वाचतो. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट समान आहे. आत जे बंद होते, ते बाहेर आले.

'फोडणी' हा शब्दही याच 'फोडणे'पासून आलेला आहे. मग स्वयंपाकघरात रोज दोन वेळा आपण नेमके काय फोडतो? 'मोहरी' असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. मिसळणाच्या डब्यातील प्रत्येक पदार्थाने आपला वास, रंग किंवा तिखटपणा आत कोंडून ठेवलेला असतो. प्रत्येकाचे कुलूप निराळे, म्हणून ते उघडण्याची रीतही निराळी. ही रीत एकदा समजली, की आधी मोहरी, मग जिरे, मग हिंग आणि शेवटी हळद हा क्रम कोणी का लावला असेल, तेही समजते.

मोहरी का तडतडते?

मोहरीचा दाणा वरून कोरडा ठणठणीत दिसतो, पण त्याच्या आत थोडा ओलावा असतोच. तापलेल्या तेलात दाणा पडला की या ओलाव्याची वाफ होऊ लागते. पाण्याची वाफ झाली म्हणजे तिला मूळच्या पाण्यापेक्षा सुमारे १६०० पट जागा लागते. दाण्याचे टणक टरफल तेवढी जागा देत नाही. त्यामुळे आतला दाब वाढत जातो आणि शेवटी टरफल फुटते. तोच 'तड्' असा आवाज. मक्याची लाही फुटते तीही याच कारणाने.

आता एक प्रश्न. हीच मोहरी उकळत्या पाण्यात टाकली तर ती तडतडेल का? नाही. उघड्या भांड्यातले पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर तापत नाही. कितीही मोठी आच लावली तरी जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. दाण्याच्या आतील पाण्याचा दाब टरफल फोडण्याइतका वाढायचा, तर तापमान १०० अंशांच्या बरेच वर जायला हवे. तेलाला ही अडचण नाही. ते १८० अंशांपर्यंत सहज तापते आणि तरीही उकळत नाही.

म्हणून फोडणीतली मोहरी दोन कामे करते. ती पदार्थाला चव देते, आणि तेल पुरेसे तापले की नाही हेही सांगते. ज्या घरात कधी तापमापक नव्हता, त्या घरात मोहरीच्या दाण्यांनी तापमापकाचे काम केले. मोहरी तडतडण्याची वाट न पाहता पुढचे जिन्नस घातले तर फोडणी 'कच्ची' राहते, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

पाणी नको, तेलच का?

जिऱ्याला जिऱ्याचा वास येतो तो त्यातील तेलासारख्या, चटकन उडून जाणाऱ्या द्रव्यांमुळे. त्यांना बाष्पनशील तेले म्हणतात. जिऱ्याचा दाणा भिंगाखाली पाहा. त्यावर लांबट रेघा दिसतील. दाण्याच्या सालीत या रेघांच्या जोडीने बारीक नलिका असतात आणि सुगंधी तेल त्यांत साठवलेले असते. जिरे, धने, ओवा, बडीशेप ही सर्व एकाच वनस्पतिकुळातील भावंडे आहेत. हिंगाचे झाडही याच कुळातले.

ही सुगंधी द्रव्ये पाण्यात फारच थोडी विरघळतात, तेलात मात्र सहज विरघळतात. गरम तेलात जिरे पडले की नलिकांतील सुगंध भराभर तेलात उतरतो. नंतर ते तेल आमटीभर पसरते आणि चिमूटभर जिऱ्याचा वास भांडेभर आमटीला येतो. हेच जिरे नुसत्या पाण्यात उकळले तर सुगंध पाण्यात फारसा न उतरता वाफेबरोबर हवेत निघून जाईल. याशिवाय तेलाच्या मोठ्या तापमानामुळे जिऱ्यातील शर्करा आणि प्रथिनांचे घटक यांच्यात विक्रिया होऊन खमंगपणा देणारी नवी द्रव्ये तयार होतात. कच्चे जिरे आणि फोडणीतले जिरे यांच्या चवीत जो फरक आहे, तो या विक्रियांचा.

जी द्रव्ये उडून जाणारी, ती तेलातूनही थोडी उडतातच. शेजारच्या घरी तुमच्या फोडणीचा वास पोहोचला, तर तेवढे रेणू तुमच्या आमटीतून वजा झाले असे समजा! वरणावर किंवा कढीवर वरून फोडणी ओतली की लगेच झाकण ठेवतात, ते याचसाठी.

एकच मोहरी, दोन स्वभाव

लोणच्यासाठी मोहरी 'फेसताना' तुम्ही पाहिली आहे काय? मोहरीची पूड थोडे थोडे पाणी घालून घोटत राहतात. पाहता पाहता ती इतकी झणझणीत होते, की नाकातोंडातून पाणी येते. पण तीच मोहरी फोडणीत तडतडली म्हणजे तिच्यात झणझणीतपणाचा मागमूसही राहत नाही. असे का व्हावे?

गंमत अशी, की अखंड मोहरीत ते झणझणीत द्रव्य तयार स्थितीत नसतेच. त्याचे दोन भाग दाण्यात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. एका कप्प्यात सिनिग्रिन नावाचे संयुग असते. दुसऱ्यात मायरोसिनेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, असते. दाणा भरडला की कप्पे फुटतात आणि पाणी मिळाले की विकर सिनिग्रिनचे विघटन करते. त्यातून अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट नावाचे जे द्रव्य सुटते, तेच नाकाला झोंबते. म्हणजे येथे तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: सिनिग्रिन, विकर आणि पाणी. कोरडी मोहरीपूड नाकाला फारशी लागत नाही, कारण तिसरी गोष्ट नसते.

आता फोडणीकडे वळू. विकरे ही प्रथिने असतात आणि मोठ्या उष्णतेने ती निकामी होतात. तापलेल्या तेलात दाणा फुटेपर्यंत आतले मायरोसिनेज बहुतांशी निकामी झालेले असते. आता दाणा चावला तरी झणझणी येणार नाही. तेथे भाजल्याची खमंग, किंचित कडसर चव मात्र येते.

मोहरीच्या झाडाने हा दुहेरी कप्प्यांचा खटाटोप आपल्या लोणच्यासाठी केलेला नाही. एखाद्या किड्याने पानाला किंवा बीला चावा घेतला, की कप्पे फुटून झोंबणारे द्रव्य थेट त्याच्या तोंडात तयार व्हावे, ही ती योजना आहे. शस्त्र आधीच तयार करून ठेवले असते, तर त्याचा त्रास खुद्द झाडालाच झाला असता. मसाल्याच्या बहुतेक पदार्थांतील उग्र द्रव्ये अशीच वनस्पतींच्या बचावाच्या कामाची आहेत. झाडाला जे फुटू द्यायचे नसते, ते आपण मुद्दाम आणि बेताने फोडतो.

क्रम चुकला तर?

मोहरीनंतर जिरे. जिऱ्याचे दाणे अखंड असतात, त्यामुळे ते गरम तेलात काही सेकंद टिकतात. त्यानंतर हिंग. हिंग म्हणजे अफगाणिस्तान, इराण या भागांत होणाऱ्या झाडाच्या मुळांतून पाझरणारा डिंकासारखा चीक. भारतात त्याची लागवड नव्हती. पालमपूर येथील संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात त्याची रोपे लावून प्रयत्न सुरू केला. कच्च्या हिंगाचा उग्र दर्प त्यातील गंधकाच्या संयुगांमुळे येतो. गरम तेलात ही संयुगे बदलतात आणि कांदा-लसणीच्या जवळ जाणारा सौम्य वास येतो.

सर्वांत शेवटी हळद आणि तिखट, कारण ती पूड असते. पूड लवकर का जळते, हे एका हिशेबाने पाहू. १ सेंटीमीटर बाजू असलेल्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर असते. त्याचेच १ मिलिमीटर बाजूचे १००० घन केले, तर सर्वांचे मिळून पृष्ठफळ ६० चौरस सेंटीमीटर होते. वस्तू तेवढीच, पण तेलाशी येणारा संबंध दहापट! हळदीचे कण तर याहून कितीतरी बारीक असतात. म्हणून त्यांतला पिवळा रंग, म्हणजे करक्युमिन, तेलात क्षणात उतरतो आणि आणखी थोड्याच वेळात हळद करपते.

मग ती वाचवायची कशी? भाजी किंवा पाणी चटकन ओतून. भाजीत पाणी असते, आणि पाणी आहे तोवर भांड्याचे तापमान १०० अंशांच्या आसपास खाली येते. फोडणीवर भाजी पडताच होणारा 'चर्र' आवाज म्हणजे तापमान एकदम उतरल्याची खूण. कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्या कोणी हळदीआधी घालतात, कोणी नंतर. पण त्या ओल्या असल्या की तेल उडते हे नक्की.

तिखट ही चव नव्हे

गोड, आंबट, खारट, कडू यांच्या रांगेत आपण तिखटालाही बसवतो. परंतु जिभेवरच्या रुचिकलिकांना तिखट कळत नाही. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य वेदना आणि दाह जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. या तंतूंवर एक विशिष्ट प्रथिन असते. सुमारे ४३ अंशांहून जास्त गरम वस्तू लागली की ते जागे होते आणि मेंदूला 'भाजले' असा निरोप जातो. कॅप्सेसिनही त्याच प्रथिनाला जागे करते. म्हणजे थंडगार मिरची खाल्ली तरी मेंदूला मिळणारा निरोप भाजल्याचाच! अमेरिकेतील शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे प्रथिन शोधून काढले. त्या आणि त्यापुढील कामासाठी त्यांना २०२१ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आर्डेम पटापूशियन यांच्यासह मिळाले. मोहरीचे झोंबणारे द्रव्य अशाच एका दुसऱ्या प्रथिनाला चेतवते. मात्र ते हवेत उडणारे असल्यामुळे जिभेपेक्षा नाकाला अधिक लागते.

पोपट मिरच्या आनंदाने खातो, त्याला त्रास कसा होत नाही? पक्ष्यांमधील हे प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही. पुष्कळ पक्षी बिया चावत नाहीत. त्या त्याच्या पोटातून अखंड बाहेर पडतात आणि दूरवर रुजतात. उंदरासारखे सस्तन प्राणी दाढांनी बी फोडतात, मग ती रुजणार कशी? जो बी फोडतो त्याला तिखट लागावे आणि जो ती पसरवतो त्याला लागू नये, अशी ही व्यवस्था आहे.

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून तोंड भाजल्यावर पाणी पिऊन उपयोग थोडा होतो, दूध किंवा दही खाल्ल्याने जास्त.

डब्यातले शब्द

मिरची ही मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीज १४९८ मध्ये भारताच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्यानंतर त्यांच्या व्यापारातून ती इकडे आली. त्यापूर्वी आपल्याकडे तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले होते. नव्या फळाला जुन्या मिऱ्यावरून 'मिरची' हे नाव मिळाले.

'मसाला' हा शब्द अरबी 'मसालिह' यावरून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचा अर्थ नुसते 'साहित्य' असा. म्हणूनच शोभेच्या दारूत भरतात तोही मसाला. पेशवाईच्या कागदपत्रांत तर निराळाच मसाला भेटतो. सरकारी शिपाई एखाद्याला बोलावण्यास गेला, तर शिपायाचा खर्च त्या माणसाकडूनच वसूल करीत आणि त्या रकमेलाही मसाला म्हणत!

आपल्या बोलण्यातही हा डबा सतत उघडा असतो. साधी बातमी तिखटमीठ लावून सांगतात. क्षुल्लक गोष्टीचा राईचा पर्वत करतात. एखाद्याला कोणी हिंग लावून विचारत नाही. लवंगेसारखी बारीक ती लवंगी मिरची, आणि तसाच बारीक तो लवंगी फटाका. 'नाकाला मिरच्या झोंबल्या' असे आपण रागावलेल्या माणसाविषयी म्हणतो. ज्याने हा वाक्प्रचार पहिल्याने केला, त्याला तिखट हा झोंबण्याचा प्रकार आहे हे अनुभवाने ठाऊक होते.

येथे सावध राहा

मसाल्याचे पदार्थ आपण चिमूटभरच वापरतो, पण रोज वापरतो. म्हणून त्यांतील भेसळ घातक ठरते. शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला पिवळा धोत्रा उगवतो. याचे बी काळसर, गोल आणि मोहरीएवढेच असते. ते मोहरीत मिसळून त्याचे तेल निघाले तर विषबाधा होते, पायांवर सूज येते, हृदयावरही परिणाम होतो. १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळीच्या मोहरीतेलाने साठांहून अधिक माणसे दगावली.

दुसरी भेसळ हळदीतली. निस्तेज हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून काही ठिकाणी त्यांना लेड क्रोमेट हा रंग लावतात. त्यात शिसे असते आणि ते लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते. फोडणीत हळद कितीही तापवली तरी शिसे नाहीसे होत नाही, कारण ते मूलद्रव्यच आहे. बांगलादेशात २०१९ साली बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले. संशोधकांनी आणि सरकारने ही गोष्ट लोकांसमोर आणली, तपासणी कडक केली, व्यापाऱ्यांना दंड केले. २०२१ मध्ये पुन्हा नमुने घेतले तेव्हा एकाही नमुन्यात शिसे सापडले नाही. रोग कितीही पसरलेला असो, मोजमाप करून तो उघडा पाडला तर दोन वर्षांत आवरता येतो, हे या उदाहरणातून दिसते. फाजील चकचकीत पिवळ्या रंगाला भुलू नका, हे घरी जरूर सांगा.

तिसरी गोष्ट तेलाच्या आगीची. फोडणीचे तेल पेटलेच तर त्यावर पाणी कधीही ओतू नका. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जाते, तेथे त्याची एकदम वाफ होते आणि ती वाफ पेटते तेल चहूकडे उडवते. मोहरी ज्या कारणाने फुटते, तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडते. शेगडी बंद करायची आणि भांड्यावर झाकण टाकायचे, म्हणजे हवा तुटून आग विझते.

करून पाहा

१. तीन वाट्यांत एकेक चमचा मोहरीची ताजी पूड घ्या. पहिलीत थोडे थंड पाणी, दुसरीत तेवढेच उकळते पाणी घाला. तिसरी कोरडी ठेवा. दहा मिनिटांनी हाताने हवा नाकाकडे घेऊन वास घ्या, नाक वाटीवर धरू नका. कोणती वाटी सर्वांत झणझणीत? अनुमान आधी वहीत लिहून ठेवा.

२. एका काचेच्या पेल्यात पाणी व दुसऱ्यात गोडेतेल घेऊन दोन्हींत चिमूटभर हळद ढवळा आणि रात्रभर ठेवा. हळद तळाशी बसल्यावर वरचा द्रव कोठे अधिक पिवळा आहे ते पाहा. हळदीचे कापडावरचे डाग साबण लावताच लाल का होतात, याचाही शोध घ्या.

३. घरातली मूठभर मोहरी पांढऱ्या कागदावर पसरून भिंगातून पाहा. मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो आणि चिरडल्यास आत पिवळा निघतो. धोत्र्याचे बी खडबडीत असते आणि आत पांढरे निघते. असे दाणे आढळल्यास ती मोहरी वापरू नका, आणि हात साबणाने धुवा.

४. लसणीची अख्खी पाकळी हातात घेतली तर तिला फारसा वास येत नाही, ठेचली की घरभर येतो. पण तीच पाकळी न सोलता निखाऱ्यावर भाजली तर गोडसर लागते. असे का होत असेल? मोहरीविषयी वर जे वाचले, त्याच्या आधारे उत्तर लिहा आणि वर्गात आपल्या शिक्षकांशी त्याची चर्चा करा.